नाशिकच्या थंडीत घर उबदार ठेवायला अंगणात लाकडाचा बॉयलर बसवावा का?

माझ्या मते नको. या बॉयलरमध्ये भट्टीभोवती पाणी तापतं आणि जमिनीखालच्या नळांतून घरातल्या रेडिएटरपर्यंत, म्हणजे गरम पाण्यानं खोली तापवणाऱ्या भिंतीलगतच्या पॅनेलपर्यंत जातं. महिनोन्‌महिने बर्फ असतो तिथे एवढा खर्च परवडतो. आपल्याकडे निफाडला पहाटे पारा ५ अंशांखाली गेला, तरी दुपारी स्वेटर काढावाच लागतो.

आधी खिडक्यांच्या फटी बुजवा. अंघोळीला तांब्याचा बंब पुरे. छाटणीच्या द्राक्षकाड्या खडखडीत वाळवा, मोडताना कट्‌कन आवाज यायला हवा. ओल्या असल्या की नुसत्या धुमसतात आणि धूर शेजाऱ्यांच्या घरात.

एक मात्र कळकळीनं सांगतो, बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.