गाळ वाहून जातो, तो का?

प्रश्न : आमच्या कॉलनीच्या सांडपाणी प्रकल्पातून पावसाळ्यात गढूळ पाणी नासर्डी नदीत जातं. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर तर चोवीस तास चालू असतो. चुकतं कुठे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ब्लोअरआधी गच्चीचे पाइप बघा. ते ड्रेनेजला जोडलेले असले की जोरदार सरीत आवक एकदम वाढते आणि सेटलिंग टाकीत तळाशी बसलेला गाळ उचलला जातो. खात्री करायची तर हवेच्या टाकीतलं पाणी 1 लिटरच्या मोजपात्रात 30 मिनिटं न हलवता ठेवा. गाळ 200-300 मिलिलिटरवर बसून वर नितळ पाणी राहिलं, तर गाळातले घाण खाणारे जिवाणू ठणठणीत आहेत. दोष पावसाच्या पाण्याचाच. 600च्या वर फुगून राहिला, तर निम्मं टाकीतलं आणि निम्मं प्रक्रिया होऊन बाहेर पडलेलं पाणी मिसळून पुन्हा बघा. आता भराभर बसला? मग गाळच जास्त झालाय. रोज थोडा काढा. एकदम उपसाल तर जिवाणूही जातील. नासर्डी शेवटी गोदावरीलाच मिळते, आणि खाली नांदूरमधमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे.