गव्हाचा चीक म्हणजे ग्लुटेन नव्हे!

चाळीसगावहून एका वाचकाने विचारलंय: भाचीला सीलिअ‍ॅक (ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो आजार) निघाला, डॉक्टरांनी ग्लुटेन बंद केलं. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, ग्लुटेन म्हणजे गव्हाचा चीक, तो असतो सालीत, कोंडा चाळून टाकला की झालं. तर ग्लुटेनला मराठीत 'चीक' म्हणावं का?

नाही, नाही आणि नाही. हल्ली जो तो चिकट पदार्थाला ग्लुटेन म्हणतो. परवा एकाने साबुदाण्यातही शोधून काढलं. आणि हा घोळ खान्देशात व्हावा? जिथे उन्हाळ्यात घरोघरी कुरडया होतात तिथे?

गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, पाण्यात कोळून पिळून घ्यायचे. पांढरं पाणी रात्रभर ठेवलं की तळाशी बसतो तो चीक. तो आहे स्टार्च. ग्लुटेन आहे प्रथिन; ते पाण्यात विरघळत नाही, त्यातलं बरंचसं चोथ्यातच चिवट होऊन अडकतं. म्हणजे चीक गेला कुरडईत आणि ग्लुटेन गेलं चोथ्याच्या भुसवड्यांत!

आता खरी गंमत. इटलीत बोलोन्याच्या बेक्कारी नावाच्या विद्वानाने नेमकं हेच केलं. कणकेचा गोळा पाण्यात धूत बसला. स्टार्च वाहून गेला, हातात उरला रबरासारखा गोळा. 1745 साली हे छापून आलं. त्याने चोथ्याकडे पाहिलं, आपल्या बायांनी पाण्याकडे, एवढाच फरक. तो गोळा त्याला प्राणिज पदार्थांच्या जातीचा वाटला, आणि लॅटिनमध्ये 'ग्लुटेन' म्हणजे सरस! सुताराचा, कातडी-हाडं उकळून केलेला सरस. याहून चपखल नाव सापडलं नसतं.

हा 'सरस' फारसीतून आलेला. त्याची 'स + रस' अशी फोड करून तो संस्कृत ठरवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. हीच मंडळी 'चीक' शब्दही 'चिक्कण'वरून आणतात. चिक्कण म्हणजे मुळात गुळगुळीत, हात निसटेल असं. चिकणी सुपारी आठवा. निसटणाऱ्यावरून चिकटणारा कसा निघाला? माझ्या मते चीक, चिकट, चिकटा हे अस्सल देशी घराणं आहे आणि उसनवारी झालीच असेल तर संस्कृतने केली आहे. कोशवाले मान हलवतील, हलवोत. झाडाचा चीक, व्यालेल्या गाईचा चीक, गव्हाचा चीक: तिन्ही ठिकाणी पांढरा, दाट, पिळून काढलेला रस. चिकटपणा नंतरचा. म्हणून तर ग्लुटेनला हा शब्द बसत नाही. त्याच्या गुणाला आपल्याकडे 'लोच' आहे, कणकेचा लोच. पदार्थाला ग्लुटेनच म्हणा, काही बिघडत नाही.

सालीचं राहिलंच. तेही उलटं आहे. ग्लुटेन असतं दाण्याच्या पांढऱ्या गाभ्यात, ज्याचा रवा-मैदा होतो. मांड्यांचं पीठ कोंडा काढून वस्त्रगाळ करतात ते का? कोंडा लोच तोडतो. तो गेला म्हणूनच मांडा हातावर कोपरापर्यंत ताणता येतो. म्हणजे चाळून तुम्ही ग्लुटेन काढत नाही, गोळा करता. कोंड्यात आणि अंकुरात स्वतःचं ग्लुटेन नसतं म्हणतात ते कागदावर ठीक. गिरणीतल्या कोंड्याला गाभा चिकटून येतोच. तेव्हा सीलिअ‍ॅकवाल्याला कोंडाही नको, मैदाही नको, बट्टी-शेवया नकोत, जवही नको. आणि कुरडईही नको, कारण चिकात थोडं ग्लुटेन उतरतंच, आणि या आजारात थोडंही आतड्याला पुरतं. डब्यावर 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर आपल्याकडे मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅमची आहे.

भाचीला कळण्याची भाकरी द्या. ज्वारी आणि उडीद दोन्ही निर्धोक. फक्त दळण गव्हावर टाकू नका, गिरणीवाल्याला बजावून सांगा, नाहीतर घरच्या जात्यावर दळा. ज्वारीची बिबडी, म्हणजे पापडही चालतील, पण त्यातला हिंग तपासा: बाजारच्या बांधानी हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं.