अमेरिकेत सोशल सिक्युरिटीच्या अपंगत्व लाभासाठी सरकारविरुद्ध कोर्टात जिंकलो, तर वकिलाची फी सरकार देते का?

बऱ्याचदा देते, पण आपोआप नाही. अमेरिकेत ज्याने त्याने आपल्या वकिलाचे पैसे द्यायचे, हा सर्वसाधारण नियम. १९८० च्या 'इक्वल ॲक्सेस टू जस्टिस ॲक्ट'ने, म्हणजे 'ईएजेए'ने, त्याला अपवाद केला. फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टात सरकार हरलं आणि आपली भूमिका रास्त होती हे त्याला पटवता आलं नाही, तर फी सरकारच्या खिशातून जाते. कायद्यातला दर तासाला १२५ डॉलर, त्यावर महागाईची वाढ.

'जिंकणं' म्हणजे लाभ मंजूरच व्हायला हवा असं नाही. कोर्टाने चुकीचा निर्णय रद्द करून प्रकरण फेरसुनावणीला परत पाठवलं तरी सहसा पुरतं (सुप्रीम कोर्टाचा निकाल, शलाला वि. शेफर, १९९३). फीचा अर्ज मात्र निकाल अंतिम झाल्यापासून ३० दिवसांत. इथेच लोक चुकतात.

पुढे लाभाची थकबाकी मिळाली की कोर्टातल्या कामासाठी वकील त्यातून जास्तीत जास्त २५ टक्के मागू शकतो, तेही कोर्टाला वाजवी वाटले तर. त्याच कामाची दोन्हीकडून फी मिळाली, तर लहान रक्कम त्याने तुम्हाला परत करायची. वकिलाला हे आधीच विचारून ठेवा, लाजू नका.

आणखी एक मेख: ईएजेएची फी कायद्याने तुमची, वकिलाची नव्हे (अस्ट्रू वि. रॅटलिफ, २०१०). त्यामुळे तुमच्यावर सरकारी कर्ज असेल तर ते आधी त्यातून वळतं होऊ शकतं.

कोर्टाआधीच्या, सोशल सिक्युरिटी खात्यातल्या सुनावणीला ईएजेए लागू नाही.