विदर्भातल्या खेड्यात वायरमन 'डीपी', 'डीओ', 'ऑटो' म्हणतात ते काय?

पुण्याहून यवतमाळकडं पंपांच्या कामाला आलात आणि इथली "गावठी भाषा" कळत नाही, असं लिहिलंय तुम्ही. गावठी म्हणा, पण मोघम नाही ती.

डीपी म्हणजे रोहित्र, ट्रान्सफॉर्मर. दोन खांबांवर (डबल पोल) बसतं म्हणून डीपी. शहरातल्या दुकानात डीपी मागाल तर दोन पोलचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) हातात पडेल. "रोहित्र म्हणा" असा आग्रह धरणाऱ्या साहेबांनी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभं राहून एकदा तो शब्द वापरून बघावा.

"किटकॅट गेली" आणि "डीओ पडला" यांतला फरक मात्र कळायलाच हवा. किटकॅट म्हणजे चिनी मातीचा तारेचा फ्यूज, खालच्या पेटीत, ४३३ व्होल्टच्या बाजूला. ती गेली की एक फेज मरतो, दोन पूर्ण राहतात. डीओ म्हणजे ड्रॉप-आउट फ्यूज, उडाला की खाली लोंबणारा; तो वर, ११ हजार व्होल्टच्या बाजूला. त्यातला एक पडला की खाली एक फेज पूर्ण आणि दोन अर्ध्यावर, न्यूट्रलशी मोजल्यास साधारण १२० व्होल्ट. शेतकरी फोनवर "दोन लाइनी डिम हायेत भाऊ" म्हणाला की बिघाड वर आहे, पेटी उघडून उपयोग नाही. टेस्टर इथं फसवतो, अर्ध्या व्होल्टवरही पेटतो. बरेच एलईडी बल्बही तसेच. जुना पिवळा १०० वॉटचा बल्ब फेज-न्यूट्रलला लावा, पण आधी डीपीवरच्या सगळ्या मोटरी बंद करा; चालती मोटर मेलेल्या फेजवरही व्होल्ट दाखवते. मीटर असेल तर दोन डिम फेजमध्ये धरा, जवळपास शून्य येईल. स्टार्टरची कॉइल एका पूर्ण आणि एका डिम फेजवर असली तर स्टार्टर लागतो, मोटर नुसती घुमते, मग जळून भरायला जाते. (भरणे म्हणजे रिवाइंडिंग.)

ऑटो म्हणजे लाईन येताच मोटर आपोआप सुरू करणारा स्विच. ५ एचपीची मोटर चालताना ७-८ अँपिअर घेते, उठताना पाच-सहापट. १०० केव्हीएची डीपी १३३ अँपिअरची. पंधरा ऑटो एकदम लागले की किटकॅट उडणारच, अन् शिव्या वायरमनला! ऑटो काढा, ५ एचपीला २ केव्हीएआरचा कंडेन्सर लावा. दोन फेजवर मोटर पळवायचा कंडेन्सर तो नव्हे.

शब्द तालुक्यागणिक थोडे बदलतात, तेवढं विचारून घ्या. आणि डीओला हात लाइनमननंच लावायचा, परमिट (लाइन बंद ठेवून कामाची परवानगी) घेऊन. तुम्ही त्याला फोनवर "एक फुल, दोन डिम" एवढं सांगा, तो नुसती किटकॅटची तार न आणता डीओची काठीही घेऊन येईल.