ब्लॅकआउटमधली ड्यूटी

चि. बाय,

अनेक आशीर्वाद. ७ मे २०२५ ला मॉक ड्रिलचा भोंगा ऐकून अंगावर काटा आला, आणि युद्ध झालंच तर जखमी सैनिकांची सेवा करायची असं ठरवलंस, हे वाचून ऊर भरून आला. पण बाय, माझा १९७१ चा डिसेंबर आधी ऐक.

३ तारखेला पाकिस्तानशी युद्ध पेटलं. मी १९ वर्षांची. प्रथमोपचाराचे चार धडे घेऊन रत्नागिरीकडच्या एका दवाखान्यात स्वयंसेविका झाले. शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून खिडक्यांना काळे कागद, एसटीच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. १६ तारखेला युद्ध थांबलं, तोवर एकही सैनिक माझ्या नजरेला पडला नाही. आले ते काळोखाने घायाळ केलेले. पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, पडून खुबा मोडलेली म्हातारी. तिची कूस दर दोन तासांनी दोघींनी मिळून बदलायची आणि पडून पडून जखम झाली नाही ना, हे पाठ हाताने चाचपून बघायचं, कारण दिवा नव्हता. आणि गडग्यापाशी, दगडी कुंपणाजवळ, फुरसं हा विषारी साप चावलेला पोरगा.

त्याच्या पायाला आम्ही दोरी करकचून आवळली होती. तेव्हा तसंच शिकवायचे. सुजून काळानिळा झालेला तो पाय अजून डोळ्यांपुढून जात नाही. तू नीट शीक: दोरी आवळायची नाही, चीर द्यायची नाही. पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा आणि थेट इस्पितळ. तिथे कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष भिनलंय. फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही, म्हणून हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताकडे लक्ष हवं.

९ तारखेला दीवजवळ आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आमच्या वाडीतल्या एका बाईचा मुलगा नौदलात होता, कुठल्या जहाजावर ते तिला ठाऊक नव्हतं. ती दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. मला काहीच बोलता येईना. जुन्या लुगड्यांच्या उकळून वाळवलेल्या पट्ट्या तिच्या मांडीवर ठेवल्या, गुंडाळ म्हटलं. मुलाचं पत्र येईपर्यंत ती रोज आली. ती शेजारी बसायची म्हणून मलाही रात्र निभावता आली.

सुट्टीत ये. फळी बांधायला माझ्याच पायावर शीक.

तुझी,
माई