वेड्यांच्या साखळ्या पिनेलनेच काढल्या का?

तुमचा प्रश्न असा आहे: मनोरुग्णांच्या साखळ्या सगळ्यात आधी फ्रान्सच्या डॉ. पिनेलने तोडल्या, हे खरं का? अर्धंच खरं. बी.ए.ला मानसशास्त्र होतं तेव्हा मीही हेच लिहून मार्क मिळवलेत.

ही समजूत पक्की करण्यात एका चित्राचाही वाटा आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयाचं आवार. पिनेल रुबाबात उभा, एक बाई त्याच्या हाताचं चुंबन घेतेय, आणि बाजूला एक माणूस एका तरुणीच्या कमरेची साखळी सोडतोय. त्या माणसाकडे कुणाचं लक्ष जात नाही. चित्र १८७६चं, पिनेल जाऊन तेव्हा पन्नास वर्षं झाली होती.

खरी गोष्ट पॅरिसजवळच्या बिसेत्र या दुसऱ्या रुग्णालयाच्या पुरुष विभागातली. तिथला कारभारी जाँ-बाप्तिस्त पुसँ. हा डॉक्टर नव्हे, कातडी कमावणारा! गंडमाळांसाठी १७७१मध्ये तिथे दाखल झाला, बरा झाला आणि पुढे तिथेच कामाला लागला. वेड्यांचा विभाग हाती आल्यावर त्याने नोकरांना ताकीद दिली: रुग्णाने मारलं तरी उलट हात उचलायचा नाही. ज्यांना ते जमेना त्यांना त्याने काढलं, आणि शक्य तिथे बरे होत आलेले रुग्णच नोकर म्हणून घेतले. मला विचाराल तर साखळ्यांपेक्षा हे अवघड काम. बायको मार्गरीतही त्याच्या जोडीने राबायची.

पिनेल तिथे आला १७९३मध्ये. पुसँ कसं वागतो, कसं बोलतो हे त्याने बारकाईने पाहिलं, आणि १८०१च्या आपल्या ग्रंथात त्याचं ऋण मोकळेपणाने मान्यही केलं. पण १७९५मध्ये तो साल्पेत्रिएरला गेला, आणि बिसेत्रच्या साखळ्या पुसँने काढल्या १७९७मध्ये. शिवाय साखळ्या गेल्या तरी अनावर रुग्णाला हात जखडणारं जाड कापडी जाकीट चढवलं जायचंच, हा भाग सहसा सांगितला जात नाही.

मग नाव पिनेलचं कसं झालं? वडिलांनी साखळ्या तोडल्याची नाट्यमय हकीकत पुढे त्याच्या मुलाने लिहिली, तीच चालली. पिनेलला स्वतःला मात्र पुसँवाचून करमेना. १८०२मध्ये त्याने त्याला साल्पेत्रिएरला बोलावून घेतलं.