पिंजऱ्यातले मासे एका रात्रीत का मेले?

प्रश्न: ताई, आम्ही गोव्यातल्या मयेचे, तळं घराजवळच, त्यामुळे कुठेही गेलो तरी तळं दिसलं की माझे पाय आधी तिकडे वळतात. मुलीने हट्टाने बालीला नेलं, म्हटलं बीच आपल्याकडे काय कमी आहेत, मग दोन रात्री बातूर तळ्याकाठी केदिसान गावात राहिलो. समोर ज्वालामुखी, काळा लाव्हा अजून तसाच पडलेला आणि बाजूला मस्त कांदे लावलेले! पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तळ्यात जाळीच्या पिंजऱ्यांत पाळलेले सगळे मासे पोट वर करून तरंगतायत आणि घरमालक एक शब्द न बोलता जाळीने गोळा करतोय. काय झालं विचारलं तर एवढंच म्हणाला, 'बलेरांग'. हे काय प्रकरण? आणि एवढं होऊन ही माणसं तिथून उठत का नाहीत?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: दादा, बलेरांग म्हणजे गंधक. पण त्या रात्री डोंगराने काही ओकलं असेल असं समजू नका. तळं खोल, तळाशी कुजका गाळ, माशांना टाकलेलं उरलंसुरलं खाद्यही त्यातच, तिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा गंधकाचा वायू पाण्यात मुरलेला असतो. एरवी वरचं कोमट पाणी झाकणासारखं बसून असतं, पण थंडी पडून जोराचा वारा सुटला की वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली जातं आणि तळाचं घाण पाणी वर येतं. मोकळा मासा पळेल हो, पिंजऱ्यातली तिलापिया कुठे जाणार?

आता उठत का नाहीत. उठले होते की! तळ्याकाठी बातूर नावाचं गाव होतं. 1917 मध्ये लाव्हा त्याच्या देवळाच्या पायथ्याशी येऊन थांबला, लोकांनी तो शुभशकुन मानला आणि तिथेच राहिले असं सांगतात. 1926 मध्ये मात्र गाव गाडलंच गेलं. मग देव घेऊन सगळे वर कड्यावर गेले, आज तिथे दिसतं ते उलुन दानू बातूर देऊळ त्यांचंच. पण तळ्याला पाठ दाखवून लांब गेले नाहीत, कारण देवी दानू तळ्याची, आणि बालीतल्या कितीतरी भातशेतीचं पाणी तिचं. तळ्यातून एकही नदी बाहेर पडत नाही, पाणी खडकातून झिरपून खाली झऱ्यांना येतं असं लोक मानतात, म्हणून खालचे शेतकरी पिकातला वाटा देवळात आणून देतात.

आपल्याकडे गांवकरी, म्हणजे गावाची शेती मिळून सांभाळणारी मंडळी होती ना, खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) मानशीचं, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार कधी उघडायचं हे एकट्याने ठरवून चालत नाही, तसंच त्यांचं सुबाक, म्हणजे एका पाण्यावरच्या भातशेतकऱ्यांची मंडळी. कुणी कधी पेरायचं, शेत कधी पडीक ठेवायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि त्यात पाण्याच्या देवळांचा शब्द मोठा. एका भागातली शेतं एकदम रिकामी राहिली की किडीला खायला काही उरत नाही. 1970 च्या दशकात सरकारने हे बाजूला सारून नवीन बियाणं दिलं, जमेल तितक्या वेळा भात लावा म्हटलं, तेव्हा तपकिरी तुडतुड्यांनी शेतंच्या शेतं खाल्ली, वर फवारणीचा खर्च वेगळा. पुढे स्टीफन लान्सिंग या अमेरिकन अभ्यासकाने कॉम्प्युटरवर गणित मांडून दाखवलं की देवळांचं वेळापत्रकच बरं होतं. (भटजींचं पंचांग कॉम्प्युटरने पास केलं म्हणा ना!) 2012 मध्ये युनेस्कोने सुबाकला जागतिक वारशात घेतलं, त्यात उलुन दानू बातूर देऊळही आहे.

आणि तुम्ही पाहिलेले ते कांदे ज्वालामुखीच्याच मातीतले. पाणी तळ्यातून पंपाने, माती डोंगराची. तुमच्या घरमालकाने मासे गोळा करून झाल्यावर बहुतेक कांद्याला पाणीच सोडलं असेल.